छोट्या ड्युअल-स्पोर्ट गाडीचं स्प्रॉकेट निवडताना: आधी दात मोजा, मग दुकानात जा

पावसाळा तोंडावर आला की ठरलेला फोन येतो. "दादा, पुढं बाराचं बसवू का चौदाचं? घाटात गाडी पार मरतीया." बारा, चौदा म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटचे, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे दात. मी विचारतो, "आत्ता कितीचं आहे?" पलीकडं दोन सेकंद काहीच नाही. मग उत्तर येतं, "कंपनीचंच असंल की."

दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीत "कंपनीचंच" म्हणजे नेमकं काय, हे कव्हर उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. मागं एका ओळखीच्या मुलानं घाटासाठी म्हणून चौदाचं बसवून घेतलं. गाडी आणखीच दमायला लागली. मग त्यानं कार्ब्युरेटर सोडवला, प्लग बदलला, सगळं केलं. दोष एवढाच होता की दात उलट्या दिशेनं बदलले होते.

हा लेख १५० ते २५० सीसीच्या उंच ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे: पुढं २१ किंवा १९ इंची चाक, मागं १७-१८ इंची. सोमवार ते शनिवार कोल्हापुरात ऑफिस, रविवारी मसाई पठार किंवा गगनबावडा, आणि वर्षातून चार-पाचदा हायवेनं पुणं, असा वापर धरलाय.

दिशा आधी डोक्यात पक्की करा. पुढचं स्प्रॉकेट लहान केलं किंवा मागचं मोठं केलं, की ओढ वाढते आणि वेग कमी होतो. पुढचं मोठं किंवा मागचं लहान केलं, की उलटं होतं. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन दात. या मागच्या-पुढच्या दातांच्या प्रमाणालाच गिअरिंग म्हणतात. इथं गोंधळ झाला की पुढचा सगळा हिशोब बोंबलला.

## पायरी १: दोष गिअरिंगचाच आहे ना, ते बघा

गाडी घाटात दमते याची पाच-सहा कारणं असू शकतात आणि स्प्रॉकेट त्यातलं शेवटचं.

टायरची हवा बघा. पठारावर जाताना हवा कमी केली आणि परत भरायची राहून गेली, हे माझ्या हातून दोनदा झालंय. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उसाच्या हंगामात फडातल्या धुळीतून आलेल्या गाडीचा फिल्टर बघण्यासारखा असतो. मग गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक न्यूट्रलमध्ये हातानं फिरवा. एका गाडीचं चाक जोरात ढकलूनही अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं. ब्रेक पॅड डिस्कला चिकटून बसले होते. मालकाच्या खिशात नव्या स्प्रॉकेटची चिठ्ठी होती.

क्लचचीही परीक्षा घ्या. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरला ५० च्या वेगानं जाताना थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज चढला, पण वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच घसरतोय. असल्या क्लचवर स्प्रॉकेट बदलून काही फरक पडत नाही.

थांबा आणि तपासा: हवा, फिल्टर, ब्रेक, क्लच ठीक करून एकदा जोतिबाचा चढ चढून या. तक्रार तरीही कायम असेल तरच पुढं वाचा.

## पायरी २: दात मोजा, चेन मापा

पुढच्या स्प्रॉकेटवरचं कव्हर काढा. आत जुनं ग्रीस आणि लाल मातीचा काळपट लगदा असेल, तो लाकडी काडीनं खरवडून काढा. बहुतेक स्प्रॉकेटवर दातांचा आकडा कोरलेला असतो. नसेल तर एका दाताला नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि चाक हळूहळू हातानं फिरवत मोजा. मागचेही तसेच मोजा, आणि दोनदा मोजा. चाळीस की एकेचाळीस यात सगळेच फसतात.

चेनच्या बाजूच्या पट्टीवर ४२८ किंवा ५२० असा आकडा असतो. ४२८ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, ५२० म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. या दोन चेनची स्प्रॉकेटं एकमेकांना चालत नाहीत. कड्या किती तेही मोजून ठेवा. संख्या नेहमी समच येते, कारण एक आड एक आतली-बाहेरची अशी जोडी लागते.

आता झीज. चेनचा खालचा पदर ताणून धरा आणि वीस कड्यांचं, म्हणजे पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर मोजा. नवी ४२८ चेन २५४ मिलिमीटर भरते, नवी ५२० चेन ३१७.५. लांबी एक टक्का वाढली (४२८ ला साधारण २५६.५) की चेन उतरणीला लागली. दोन टक्क्यांच्या जवळ गेली की तिच्यावर प्रयोग नकोत, सरळ नवा सेट. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर ती संपलीय.

शेवटी ॲडजस्टर (मागचं चाक पुढं-मागं सरकवून चेनचा ताण ठरवणारा स्क्रू) कितव्या खुणेवर आहे ते बघून लिहून ठेवा. पाचव्या पायरीला हा आकडा लागणार आहे आणि नेमका तोच कुणी लिहीत नाही.

## पायरी ३: कुठं कमी पडतंय, ते पंधरा दिवस लिहा

ही पायरी लोकांना कंटाळवाणी वाटते आणि सगळी गडबड इथंच होते. "घाटात मरते" एवढ्यावर दात ठरत नाहीत. कुठला घाट, कुठलं वळण, कितवा गिअर, गाडीवर किती जण, हे लागतं.

माझ्या वहीतल्या तीन नोंदी देतो.

करूळ घाट, वैभववाडीकडून वर येताना, मागं बायको आणि दोन बॅगा: तिसऱ्याला गाडी धडधडते, दुसऱ्याला किंचाळते.

मसाई पठाराकडची चढण, एकटा, सुटे दगड: पहिल्यातही हाफ क्लच करावा लागतो, वास येतो.

तावडे हॉटेलपासून कागलपर्यंत हायवे, एकटा: पाचव्याला ८० ला गाडी निवांत, ९० ला हँडल झिणझिणतं.

या तिन्ही नोंदी वेगवेगळं सांगतात. दुसरी नोंद सरळ आहे. पहिल्या गिअरलाच क्लच पूर्ण सोडता येत नसेल तर गिअरिंग उंच आहे, ओढ वाढवायलाच हवी. तिसरी नोंद उलटं सांगते, की ओढीसाठी हायवेचा वेग आणखी घालवायला जागा नाही.

पहिली नोंद फसवी आहे. स्प्रॉकेट बदललं की पाचही गिअर एकदम एकाच प्रमाणात खाली किंवा वर सरकतात. दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर तेवढंच राहतं. करूळच्या त्या वळणाला तिसरा जमायला लागेल, पण दुसऱ्या कुठल्या तरी वळणाला तीच अडचण उभी राहील. एका वळणासाठी स्प्रॉकेट बदलू नका. पंधरा दिवसांत तीच तक्रार तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी आली तरच ती खरी.

सोबत दोन आकडे मिळवा. वरच्या गिअरला एका ठरावीक वेगाला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती, आणि पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून, इंजिन न धडधडता, गाडी किती हळू चालते. वेगासाठी मोबाइलचं जीपीएस वापरा. वाचायला मागं बसलेल्याला सांगा. चालवता चालवता मोबाइलकडं बघायचं नाही.

## पायरी ४: हिशोब

मागचे दात भागिले पुढचे दात. एवढंच गणित.

माझ्या गाडीला मुळात पुढं १३, मागं ४० होतं. म्हणजे ३.०८. यावरून बाकीचे पर्याय असे येतात:

- १४ आणि ४०: २.८६, ओढ ७ टक्के कमी
- १३ आणि ४२: ३.२३, ओढ ५ टक्के जास्त
- १३ आणि ४३: ३.३१, साडेसात टक्के जास्त
- १२ आणि ४०: ३.३३, सव्वाआठ टक्के जास्त
- १२ आणि ४२: ३.५०, पावणेचौदा टक्के जास्त

तुमच्या गाडीचे दात वेगळे असतील. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

आता टक्क्यांचं रस्त्यावर काय होतं ते बघा. १३ आणि ४० वर माझी गाडी पाचव्याला ८० च्या वेगाला साधारण ६००० आरपीएमवर असायची. पुढं बाराचं टाकलं की त्याच ८० ला ६५०० लागतात. उलट धरलं, तर ६००० वर वेग ७४ च्या आसपास येतो. ऑफिसला जाता-येता हा फरक जाणवतच नाही. पुण्याच्या २३० किलोमीटरला मात्र जाणवतो. पहिल्या खेपेला खंबाटकी घाट येईपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती.

पहिल्या गिअरला आधी गाडी निवांत चालायची ती ताशी साधारण ९ किलोमीटरनं, बाराचं टाकल्यावर सव्वाआठनं. कागदावर पाऊण किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण सुट्या दगडांच्या चढावर हाफ क्लच लागतो की नाही, हे तेवढ्यावर ठरतं.

माझं मत विचाराल, तर शहर आणि हायवे मिळून नव्वद टक्के वापर असेल तर कंपनीचं गिअरिंग बदलूच नका. घाट, मागं माणूस, वर सामान हे नेहमीचं असेल तर ५ ते ८ टक्के ओढ वाढवा. कच्चा रस्ता, पठार, रानातल्या वाटा हाच मुख्य धंदा असेल आणि हायवेला ७० वर समाधान असेल, तर १० ते १४ टक्के चालेल. त्याच्या पुढं छोट्या इंजिनाला जाऊ नका. पहिला गिअर नुसता नावापुरता राहतो, आणि राधानगरी-दाजीपूरकडच्या ओल्या जांभ्यावर जरा थ्रॉटल दिला की मागचं चाक जागीच फिरतं. उतारावरही इंजिन जास्त पकडतं. थ्रॉटल झटकन सोडलं तर मागचं चाक ओढत घसरू शकतं.

चौदाचं कुणासाठी? हलकं सामान, एकटा माणूस, रोजचा हायवे. बाकी छोट्या इंजिनाला उंच गिअरिंग दिलं की वेग वाढेल ही समजूत आहे. वाऱ्यासमोर इंजिनाचा जोरच कमी पडतो, मग टॉप गिअरला ते ओढतच नाही आणि शेवटी तुम्ही चौथ्यावर येता.

इशारा: वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर पुढचं स्प्रॉकेट लहान केल्यावर मीटर जास्त वेग दाखवतो. १३ चं १२ केलं तर खऱ्या ६० ला ६५ दिसतील आणि किलोमीटरही त्याच हिशोबानं जास्त पडतील. सेन्सर किंवा केबल पुढच्या चाकाला असेल तर फरक नाही. जीपीएसशी ताडून बघा, नाहीतर मायलेज वाढलं म्हणून उगाच खूश व्हाल.

## पायरी ५: चेन पुरते का आणि जागा आहे का

दात बदलले की चाक पुढं-मागं सरकतं. एका दाताला चाक चेनच्या पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) साधारण पाव भागानं हलतं: ४२८ ला सव्वातीन मिलिमीटरच्या आत, ५२० ला चार. एक दात कमी केला तर तितकं मागं घ्यावं लागतं, एक वाढवला तर पुढं.

म्हणजे ४२८ चेनवर १३ चं १२ केलं, तर चाक सुमारे ३ मिलिमीटर मागं जाईल. चेन आधीच ताणून ॲडजस्टर शेवटच्या खुणेला आला असेल, तर त्याला जागाच नाही. आणि मागं ४० चं ४२ केलं, तर चाक साडेसहा मिलिमीटर पुढं यायला हवं. नव्या चेनवर बहुतेकदा तेवढी जागा नसते, मग दोन कड्या जास्तीची चेन लागते. दोन कड्या वाढल्या की चाक १२.७ मिलिमीटर मागं जातं, म्हणजे एकूण सहा-साडेसहा मागं. दुसऱ्या पायरीला लिहिलेली खूण इथं काढा आणि बघा.

१२ आणि ४२ एकत्र केले तर एक दात कमी, दोन जास्त, म्हणजे हिशोबात एकच दात जास्त. चाक सव्वातीन मिलिमीटर पुढं. जुनीच चेन बऱ्याचदा पुरते.

मागचं स्प्रॉकेट मोठं झालं की घेरही वाढतो. ४२८ ला ४० दातांचा व्यास १६२ मिलिमीटर, ४२ चा १७०. चेन गार्डला घासतं का ते बघा. पुढं दात वाढवणार असाल तर कव्हर आणि इंजिनाच्या केसिंगमध्ये चेनला जागा उरते का, हे आधी बघायचं. पुढं कमी केलं की उलटा त्रास होतो: चेन खाली येते आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) तोंडावरच्या प्लॅस्टिक स्लायडरला जास्त घासते. दर महिन्याला त्या स्लायडरवर नजर टाका. तो कापला गेला की चेन थेट स्विंगआर्म खायला लागते.

पुढं बाराच्या खाली जाऊ नका. दात जितके कमी तितकी प्रत्येक कडी जास्त मुडपते, चेन लवकर जाते आणि हळू वेगाला गाडी हिसके देते.

## पायरी ६: खरेदी

आधी फक्त पुढचं घ्या. ते स्वस्त असतं, बदलायला अर्धा तास लागतो आणि आवडलं नाही तर परत जुनं बसतं. माझी युक्ती अशी: चेन सेटचं आयुष्य संपत आलं, पण चेन अजून मापात आहे, अशा वेळी बाराचं टाकून महिना-दीड महिना चालवून बघायचं. तेवढ्यात ते झिजलं तरी दुःख नाही. निर्णय झाला की मग त्या दातांचा पूर्ण सेट घ्यायचा: चेन, पुढचं, मागचं, तिन्ही एकदम. झिजलेल्या चेनवर नवं मागचं स्प्रॉकेट बसवणं म्हणजे पैसे पंचगंगेत टाकणं.

दुकानात जुनं स्प्रॉकेट हातात घेऊन जा. पुढच्याचे आतले खाचे जुन्यावर ठेवून जुळवा. त्याला दोन बोल्टांची पट्टी असेल तर त्या बोल्टांची भोकंही जुळली पाहिजेत. जाडी आणि एका बाजूचा उंचवटा बघा. काही कंपनीच्या स्प्रॉकेटांना आवाज कमी व्हावा म्हणून दोन्ही बाजूंना रबर असतं. बाजारातल्याला ते नसेल तर चेनचा आवाज वाढेल, घाबरू नका. मागच्याचं मधलं भोक, बोल्टांची संख्या आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मोजून घ्या.

आता उद्यमनगरचा, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागाचा विषय. आपल्याकडं लेथ, कटिंग, काय म्हणाल ते करून मिळतं, आणि करणारे हात पक्के आहेत. म्हणून बरेच जण हव्या त्या दातांचं मागचं स्प्रॉकेट कापून घेतात. कापणं चांगलंच होतं, अडतं ते पोलादावर आणि हार्डनिंगवर (उष्णता देऊन दात कडक करण्यावर). साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचं कापून तसंच बसवलं, तर एका पावसाळ्यात दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला कलतात. करूनच घ्यायचं असेल तर मिश्र पोलाद आणि दातांचं हार्डनिंग हे दोन्ही आधी ठरवून घ्या. मधलं भोकही अचूक हवं. ते अर्धा मिलिमीटर सरकलं तरी चेन एका फेऱ्यात एकदा घट्ट, एकदा ढिली होते. जुन्या स्प्रॉकेटवर वेल्डिंग करून दात वाढवणारेही भेटतील. त्यांना चहा पाजा आणि निघा.

अ‍ॅल्युमिनियमचं हलकं असतं, पण चिखल-वाळूत लवकर झिजतं. आपल्या वापराला लोखंडीच बरं.

## पायरी ७: बसवणं, आणि क्रम का महत्त्वाचा

इथं हमखास एक गोष्ट उलटी होते: चेन आधी काढली जाते, आणि मग पुढचा नट सोडायला गेलं की शाफ्ट नुसता फिरत राहतो.

१. गाडी जमिनीवरच ठेवा. पहिला गिअर टाका, एकाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. चेन जागेवर असतानाच पुढचे बोल्ट किंवा मोठा नट ढिला करा. लॉक वॉशरचा वाकवलेला कान आधी सरळ करायला विसरू नका.

२. मागचं बदलायचं असेल तर त्याचेही नट याच वेळी, ब्रेक दाबूनच, ढिले करा. चाक हातात आल्यावर ते सोडवणं म्हणजे कुस्ती.

३. आता गाडी स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल. एक्सलचा नट ढिला करा, ॲडजस्टर सोडा, चाक पुढं ढकला. चेन ढिली झाली की पुढचं स्प्रॉकेट काढा.

४. शाफ्टचे खाचे पुसा, तेलाचं सील गळतंय का बघा. गळत असेल तर हीच वेळ, नंतर परत उघडावं लागेल.

५. नवं स्प्रॉकेट जुन्याच बाजूनं बसवा. उलटं बसलं तर चेनची रेष काही मिलिमीटर सरकते. पट्टीचं असेल तर पट्टी खाचेत फिरवून बोल्टांच्या भोकाशी जुळवा. लॉक वॉशर नवा वापरा.

६. चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला आली पाहिजे. वरचा पदर पुढं जातो, म्हणजे वर असताना बंद बाजू इंजिनाकडं. मी एकदा अंधारात, टॉर्च तोंडात धरून हे काम केलं आणि क्लिप उलटी बसवली. कळे गावाच्या अलीकडं चेन रस्त्यावर पसरली. वेग कमी होता म्हणून मी आज हे लिहू शकतोय.

इशारा: चेन साफ करताना किंवा तेल देताना इंजिन चालू ठेवून चाक फिरवायचं नाही. न्यूट्रलला, हातानं, इंजिन बंद. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर ते परत येत नाही. लहान मुलांना त्या वेळी जवळ उभं करू नका.

## पायरी ८: ताण आणि सरळ रेष

उंच सस्पेन्शनच्या गाडीला ताण देताना लोक रोजच्या गाडीची सवय वापरतात आणि चेन फार घट्ट करतात. सस्पेन्शन दबलं की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात. त्या क्षणी चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर बरोबर वाटलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढते.

गाडीच्या पुस्तकात ढिलेपणाचा आकडा आणि तो कसा मोजायचा हे दिलेलं असतं, तेच धरा. माझी आणखी एक खात्री करायची पद्धत आहे. रविवारी दोन भाचे घरी आले की दोघांना सीटवर बसवतो. ते हसत उड्या मारतात, मी खाली बसून ते तीन बिंदू एका रेषेत येतात तेव्हा "थांबा!" म्हणतो आणि चेन वर-खाली हलवून बघतो. त्या अवस्थेतही ती थोडी हलली पाहिजे. तारेसारखी ताठ झाली तर ढिली करायची. चाक फिरवून चार-पाच जागी हेच बघायचं आणि सगळ्यात घट्ट जागा धरून ताण द्यायचा.

रेषेसाठी स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, त्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. स्विंगआर्मच्या पिनेच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडं टेपनं मोजा. मग मागं बसून एक डोळा मिटून चेनच्या वरच्या पदरावरून पुढं बघा. ती मागच्या स्प्रॉकेटवरून निघताना वाकडी दिसता कामा नये.

एक्सल घट्ट करताना चाक परत सरकतं, म्हणून चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये जुनी चिंधी घालून चाक उलटं फिरवा. चिंधी अडकली की चाक पुढं ओढलं जाऊन ॲडजस्टरला टेकतं. तसंच धरून नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. चिंधी काढा. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला.

थांबा आणि तपासा: ड्रम ब्रेक असेल तर चाक हलल्यामुळं पेडलचा खेळ बदलतो, तो लावून घ्या. डिस्क असेल तर पेडल दोन-तीनदा दाबून कडक लागतो का बघा. चाक हातानं फिरवून चेन कुठं घासते का, ते ऐका.

## पायरी ९: चालवून बघा, मग ठरवा

पहिल्या दिवशी फक्त घराभोवती दहा किलोमीटर. परत येऊन कव्हर काढा, पुढचे बोल्ट परत आवळून बघा. दुसऱ्या दिवशी फुलेवाडी, बालिंगे, कळे, गगनबावडा. एका बाजूला ५५ किलोमीटर, सपाट, खड्डे, घाट, सगळं एकाच फेरीत मिळतं. तिथून वैभववाडीपर्यंत खाली उतरून परत चढा. तिसऱ्या पायरीच्या वहीत जुन्या नोंदीसमोर नवी नोंद लिहा: तेच वळण, तोच गिअर, तेवढंच सामान.

एका फेरीवर निर्णय घेऊ नका. नव्या गिअरिंगला पहिले दोन-तीन दिवस हात चुकतो. रंकाळ्याच्या सिग्नलला पहिला गिअर झटकन संपतो, दुसऱ्यावर लवकर जावं लागतं, आणि गाडी उगाच किंचाळतेय असं वाटतं. आठवड्यात सवय होते. त्यानंतरही हायवेला त्रास होत असेल तर बाराचं तुमच्यासाठी नाही. तेराचं परत बसवा आणि मागं ४२ चा विचार करा. अर्ध्याहून थोडा जास्त फरक मिळेल.

मी स्वतः दोन वर्षं १२ आणि ४० वर चालवलं, आता १३ आणि ४२ वर आहे. मसाईवर थोडं कमी पडतं. पुण्याला जाताना हात झिणझिणत नाहीत.

पाचशे किलोमीटरनं ताण परत बघा, नवी चेन सुरुवातीला लवकर ढिली होते. पावसाळ्यात लाल चिखलातून आल्यावर त्याच दिवशी धुवा, पण वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून थेट चेनवर मारू देऊ नका. रबर रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि वायर ब्रश लांब ठेवा. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. पुसून कोरडी झाल्यावर चेनच्या आतल्या बाजूनं तेल द्या.

काढलेलं तेराचं पुसून, तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. वर पेननं लिहा: दात, चेनचा नंबर, किती किलोमीटर चाललं. पुढच्या जूनमध्ये कुणाचा तरी फोन येणारच, आणि त्याला विकत घ्यायच्या आधी बसवून बघायला ते उपयोगी पडेल.